ओटीपी कुणाला सांगू नका, हे ठीक. पण तो मागतात कशाला?

रात्रीचे पावणेबारा. दिवा मालवून तुम्ही आडवे झालात आणि उशाशी ठेवलेला फोन थरथरला. पडद्यावर चौकट: 'तुम्ही लॉगिन करत आहात का?' खाली 'हो' आणि 'नाही'. तुम्ही कुठलं लॉगिन करताय, तुमचे तर डोळे मिटत आले होते. 'नाही' दाबता. अर्ध्या मिनिटाने पुन्हा तेच. पुन्हा 'नाही'. मग पुन्हा. सातव्या-आठव्या खेपेपर्यंत झोपेचं पार खोबरं झालेलं असतं, आणि अंगठा 'हो'कडे वळतो. का, तर हे एकदाचं थांबावं म्हणून.

सप्टेंबर २०२२मध्ये उबर कंपनीचं काम करणाऱ्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या बाबतीत याच धर्तीचं घडलं. त्याचा पासवर्ड हल्लेखोराला आधीच मिळाला होता. चोरीचा माल विकणाऱ्या ऑनलाइन बाजारातून तो विकत घेतला असावा, असं कंपनीने नंतर सांगितलं. उरला होता एकच अडसर, फोनवरची परवानगी. हल्लेखोर लॉगिनचा प्रयत्न करत राहिला, विनंत्या येत राहिल्या आणि अखेर एक मंजूर झाली.

म्हणजे दाराला कुलपं दोन होती. एकाची किल्ली चोराकडे, आणि दुसरं घरातल्याच माणसाने आतून उघडून दिलं. मग दुसऱ्या कुलपाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर त्याला वेड्यात काढू नये. प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तराचे दोन भाग आहेत: ही दुसरी कुलपं सगळी एका ताकदीची नसतात, आणि दारावर सगळा भर देऊन आतल्या खोल्या सताड उघड्या ठेवल्या तर कुठलंच कुलूप पुरत नाही.

## पासवर्डचं दुखणं जुनं आहे

संगणकावर पासवर्ड आला तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात. एकच मोठा संगणक बरेच जण वापरायचे, प्रत्येकाला वेळ वाटून दिलेला असायचा. एकाच्या फायली दुसऱ्याने उघडू नयेत म्हणून फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने प्रत्येकाला एकेक गुप्त शब्द दिला. १९६२मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला वाट्याचा वेळ पुरेना. त्याने पासवर्डांची अख्खी फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम उरकलं. १९६६मध्ये तर कहर झाला. रोजची सूचना दाखवणाऱ्या फाइलची आणि पासवर्डांच्या फाइलची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर सगळ्यांचे पासवर्ड!

तेव्हापासून मूळ खोड तीच आहे. पाकीट मारलं गेलं तर खिसा रिकामा लागतो. पासवर्ड चोरीला गेला तरी तो तुमच्याकडे असतोच; फक्त आता आणखी कुणाकडे तरी आहे, आणि तुम्हाला पत्ता नाही. त्यात आपण एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरतो. कुठल्या तरी किरकोळ साइटवरची ईमेल-पासवर्डांची यादी फुटते, चोर ती एका प्रोग्रॅमला देतो, आणि तो प्रोग्रॅम प्रत्येक जोडी शेकडो साइटवर लावून पाहतो. पासवर्ड कितीही किचकट असो, दोन ठिकाणी तोच असेल तर किचकटपणा पाण्यात.

किचकटपणाचीही एक गोष्ट आहे. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, दर काही दिवसांनी बदला, ही सगळी शिस्त २००३ सालच्या एका मार्गदर्शिकेतून जगभर पसरली. ती काढली होती अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या निस्ट या सरकारी संस्थेने. तो भाग लिहिणारे बिल बर यांनी २०१७मध्ये 'आपण केलं त्याचा आता पश्चात्ताप होतो' अशा अर्थाची कबुली दिली. निस्टनेही त्याच वर्षी ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं म्हटलं. लोक काय करत होते ते आपल्याला वेगळं सांगायला नको: शेवटचा १ खोडून २ लिहीत होते.

## पुरावा तीन जातींचा

तुम्ही तुम्हीच आहात, हे यंत्राला पटवण्याचे रस्ते मोजके आहेत. एक, तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट: पासवर्ड, पिन. दुसरा, तुमच्या हातात असलेली वस्तू: फोन, कार्ड, यूएसबीत खुपसायची छोटी किल्ली. तिसरा, तुमचं शरीर: बोटाचा ठसा, चेहरा. यांतल्या निदान दोन वेगळ्या जातींचे पुरावे मागणं म्हणजे मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन. मराठीत बहुघटक पडताळणी म्हणता येईल, पण रोजच्या बोलण्यात 'टू-स्टेप'च चालतं, म्हणून मीही पुढे तेच म्हणतो.

इथे 'वेगळ्या जातींचे' हे शब्द महत्त्वाचे. पासवर्ड विचारून वर 'तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय' असं विचारणाऱ्या साइट दोनदा विचारतात खऱ्या, पण दोन्ही उत्तरं एकाच जातीची, माहितीची. जो माणूस एक काढून घेऊ शकतो तो दुसरंही काढून घेतो. शाळेचं नाव तर आपण स्वतःच सोशल मीडियावर टाकलेलं असतं.

ही कल्पना इंटरनेटच्याही आधीची. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एनफिल्डला बार्कलेज बँकेचं पैसे देणारं यंत्र सुरू झालं, तेव्हा त्यात खास कागदी व्हाउचर घालावं लागायचं आणि चार आकडी पिन दाबावा लागायचा. व्हाउचर सापडलेल्याला पिन माहीत नाही, पिन ऐकलेल्याकडे व्हाउचर नाही. सगळी मेख एवढीच, की चोराला दोन वेगवेगळ्या प्रकारच्या चोऱ्या कराव्या लागाव्यात.

## ते सहा आकडे येतात कुठून?

हा भाग मला स्वतःला फार आवडतो, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे लॉगिनसाठी लागणारे कोड दाखवणारं ॲप, उघडून फोन एअरप्लेन मोडवर टाका. नेटवर्क नाही, वायफाय नाही. तरी दर ३० सेकंदांनी नवे सहा आकडे येतच राहतात, आणि ते आकडे सर्व्हरलाही बरोबर ठाऊक असतात. दोघांमध्ये एका शब्दाचंही बोलणं झालेलं नसताना!

अशी कल्पना करा. दोन मित्रांकडे एकाच पुस्तकाची एकाच आवृत्तीची प्रत आहे आणि दोघांच्या घड्याळांत वेळ एकच आहे. ठरलंय असं, की किती वाजले त्यावरून पान काढायचं आणि त्या पानावरचा पहिला शब्द हाच त्या क्षणाचा परवलीचा शब्द. आता ते दोघं शंभर मैल लांब असले तरी एकमेकांचा शब्द ओळखतील. तिसऱ्याने एखादा शब्द ऐकला तरी त्यावरून पुस्तक कोणतं हे त्याला कळणार नाही.

पहिल्यांदा ॲप जोडताना तुम्ही जो चौकोनी क्यूआर कोड स्कॅन करता, त्यात ते 'पुस्तक' असतं: यंत्राने बनवलेली एक लांबलचक गुप्त संख्या. ती तुमच्या फोनमध्ये उतरते आणि सर्व्हरकडेही राहते. वेळ मोजली जाते १ जानेवारी १९७०पासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार. तेव्हापासून किती सेकंद झाले ते घ्यायचं आणि ३०ने भागायचं. आलेला पूर्णांक आणि गुप्त संख्या एका गणिती घुसळणीत घालायची, बाहेर पडेल त्यातून सहा आकडे काढायचे. घुसळण एकतर्फी असते. राखेवरून जळालेला कागद वाचता येत नाही, तसं सहा आकड्यांवरून गुप्त संख्या काढता येत नाही. ही रीत २०११ साली आरएफसी ६२३८ या नावाने जाहीर मानक झाली, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं ॲप कुठल्याही साइटला चालतं.

यावरून एक रोजचा त्रासही उलगडतो. कोड बरोबर टाकूनही 'चुकीचा कोड' येत असेल, तर आधी फोनचं घड्याळ पाहा. ते दोन-तीन मिनिटं पुढेमागे असेल तर तुम्ही भलतंच पान वाचताय. थोड्याफार फरकासाठी बरेच सर्व्हर आजूबाजूचं एखादं पान चालवून घेतात, जास्त नाही.

आणि यातलं कच्चं कुठे आहे, तेही याच गोष्टीत दिसतं. पुस्तकाच्या प्रती दोन आहेत. २०११मध्ये आरएसए या सुरक्षा कंपनीतच चोरी झाली. तिची कोड दाखवणारी छोटी यंत्रं जगभरच्या कंपन्यांत वापरली जात होती, आणि त्या यंत्रांशी संबंधित माहिती चोरांच्या हाती लागली. पुढे ती माहिती लॉकहीड मार्टिन या संरक्षण कंपनीवरच्या हल्ल्यात वापरली गेल्याचं आरएसएने मान्य केलं आणि ग्राहकांना यंत्रं बदलून देऊ केली.

## 'पण मेसेजवर ओटीपी येतो की'

येतो, आणि काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा. गुगलने विद्यापीठांतल्या संशोधकांसोबत केलेला एक अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मेसेजवरच्या कोडने यांत्रिक हल्ले १०० टक्के, सरसकट फसवणुकीचे ९६ टक्के आणि एखाद्याला हेरून केलेले ७६ टक्के हल्ले रोखले. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. जाळं टाकून मासे धरणाऱ्यापासून तो तुम्हाला बऱ्यापैकी वाचवतो. तुमच्यासाठीच गळ टाकून बसलेल्यापासून तेवढा नाही.

कारण हा कोड मुळात तुमच्या फोनकडे येत नाही, तुमच्या नंबरकडे येतो. नंबर कुठल्या सिमवर चालेल हे मोबाइल कंपनी ठरवते. कुणी तुमचं सोंग घेऊन 'सिम हरवलं, नवं द्या' असं कंपनीला पटवलं, की तुमचे मेसेज त्याच्या फोनवर वाजू लागतात. ऑगस्ट २०१९मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डोर्सी यांचंच ट्विटर खातं नंबर पळवून ताब्यात घेतलं गेलं. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, खात्यावरून बिटकॉइनविषयी खोटी घोषणा झाली, तीही नंबर पळवूनच. त्या खात्यावर टू-स्टेप होतं का? सहा महिन्यांपूर्वीपर्यंत होतं. खातं उघडताना अडचणी येतात म्हणून कर्मचाऱ्यांच्याच विनंतीवरून ते बंद करण्यात आलं होतं आणि परत सुरू करायचं राहून गेलं.

नंबर न पळवताही काम होतं, आणि हा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो. तुम्हाला लिंक येते. पान हुबेहूब. तुम्ही पासवर्ड लिहिता. मागे बसलेला प्रोग्रॅम तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतो. खरी साइट तुम्हाला खरा कोड पाठवते, नेहमीच्याच नावाने, नेहमीच्याच शब्दांत. तुम्ही निर्धास्त होता, कारण मेसेज तर अस्सल आहे! कोड लिहिता, तो पुढे जातो, चोर आत. मेसेज खरा, आकडे खरे, मुदतही पाळलेली. खोटं होतं ते फक्त पान, ज्यावर तुम्ही लिहिलंत. ॲपमधले कोडही याच वाटेने जातात. ३० सेकंद माणसाला कमी पडतील, प्रोग्रॅमला कसले पडतात.

आता उबरच्या गोष्टीकडे परत या. मेसेज काय, ॲप काय, 'हो-नाही' काय, सगळीकडे शेवटचा पहारेकरी एक माणूस आहे, आणि त्याने दर वेळी सावध असावं अशी अपेक्षा आहे. चोराला मात्र त्याची एकच पेंगलेली रात्र पुरते. अशा विनंत्यांच्या भडिमारावर उपाय म्हणून काही कंपन्यांनी 'हो' काढून टाकलं. आता लॉगिनच्या पानावर दिसणारा आकडा फोनवर टाइप करावा लागतो. मायक्रोसॉफ्टने मे २०२३पासून आपल्या ॲपमध्ये हे सक्तीचं केलं. झोपेत अंगठा घसरून आकडा लिहिला जात नाही. पण पान खोटं असेल तर तो खोट्या पानावरचाच आकडा असेल, आणि तुम्ही तो इमानेइतबारे लिहाल.

## पासकी: पहारा यंत्रावर सोपवणं

हल्ली बऱ्याच साइट 'पासकी तयार करा' म्हणून मागे लागतात आणि लोक ती चौकट बंद करतात. मीही वर्षभर केली. पण आधीच्या सगळ्या प्रकारांहून हा वेगळ्या मुळाचा आहे.

पासकी करताना तुमचा फोन किंवा लॅपटॉप दोन संख्यांची एक जोडी बनवतो. एक सही करणारी, एक सही तपासणारी. तपासणारी साइटला देतो. करणारी साइटला कधीच देत नाही. लॉगिनच्या वेळी साइट एक नवाकोरा, आधी अंदाज बांधता न येणारा मजकूर पाठवते, 'यावर सही कर' म्हणते. फोन तुमचं बोट किंवा चेहरा पाहून सही करतो. साइट ती तपासते. साइटचा अख्खा डेटा चोरीला गेला तरी चोराला मिळतं ते सही तपासायचं भिंग, सही करायचा हात नाही. पुस्तकाची दुसरी प्रतच उरत नाही.

खरी कमाल पुढे आहे. ही जोडी साइटच्या नेमक्या पत्त्याला बांधलेली असते. पान कितीही हुबेहूब असो, पत्त्यात एका अक्षराचा फरक असला की ब्राउझर म्हणतो, या पत्त्यासाठी माझ्याकडे काही नाही. तुम्ही फसलात तरी तो फसत नाही. पत्त्याच्या पट्टीत बारीक नजर घालायचं काम माणसाकडून काढून यंत्राला दिलं; जे यंत्राला कंटाळा न येता जमतं आणि आपल्याला जमत नाही.

कागदावरची ही गोष्ट खऱ्या मैदानात उतरली ती २०२२च्या जुलैमध्ये. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना एकाच वेळी फसवे मेसेज गेले. तिघांनी खोट्या पानावर पासवर्ड लिहिलेही. इंटरनेट सुरक्षा हाच ज्यांचा धंदा, त्यांतले तिघे! तरीही चोर आत शिरले नाहीत, कारण त्या कंपनीत दुसरा पुरावा म्हणून पत्त्याला बांधलेली हार्डवेअर किल्ली लागते, आणि खोट्या पानापुढे किल्लीने तोंड उघडलं नाही. पासकी म्हणजे त्याच तंत्राची, फोनमध्ये बसणारी धाकटी बहीण.

## 'बोटाचा ठसा चोरला तर नवं बोट कुठून आणू?'

शंका अगदी खरी आहे. २०१४मध्ये जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेच्या एका सदस्याने तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्या हाताच्या छायाचित्रांवरून त्यांच्या बोटाचा ठसा पुन्हा तयार केल्याचं दाखवलं होतं. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातली चोरी २०१५मध्ये उघड झाली, त्यात ५६ लाख लोकांचे ठसे गेले. ते लोक आता काय बदलणार?

पण ठसा कुठे साठवलाय यावर सगळं आहे. एका जागी लाखोंचे ठसे गोळा करणं ही एक गोष्ट. फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये तुमच्या ठशाचं गणिती रूप ठेवणं ही दुसरी. पासकी वापरताना ठसा साइटकडे जातच नाही. तो फक्त फोनला सांगतो, 'मालक आलाय, सही कर'. ज्याला ठसा नको त्याने फोनचा पिन वापरावा, बाकी सगळं तसंच चालतं.

## 'आणि फोनच हरवला तर?'

हा प्रश्न विचारणाऱ्यांची मला कदर आहे, कारण मी तो विचारला नव्हता. काही वर्षांपूर्वी प्रवासात माझा फोन पाण्यात पडला आणि गेला. कोड देणारं ॲप त्यातच. सुरुवातीला साइटने दहा 'बॅकअप कोड' दिले होते, 'छापून ठेवा' असंही म्हटलं होतं. मी त्यांचा स्क्रीनशॉट काढला होता. कुठे? त्याच फोनमध्ये. पुढचे चार दिवस मी माझ्याच ईमेलच्या दाराशी उभा राहून 'तो मीच' हे सिद्ध करत होतो, आणि पलीकडचा माणूस अत्यंत सभ्यपणे विश्वास ठेवत नव्हता. तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, त्याने चटकन विश्वास ठेवला असता तर उद्या कुणी दुसराही 'तो मीच' म्हणून आला असता.

खात्याची ताकद त्याच्या मुख्य दाराइतकी नसते, 'पासवर्ड विसरलात?' या मागच्या दाराइतकी असते. पुढे पासकी लावली आणि मागे 'नंबरवर मेसेज पाठवून पासवर्ड बदला' हा रस्ता तसाच राहिला, तर चोर मागूनच येईल. म्हणून बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा, शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या उपकरणावरही पासकी करा, आणि जिथे चालतं तिथे परतीच्या रस्त्यांतून फोन नंबर काढून टाका.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: ईमेल. 'माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय' म्हणणाऱ्यांनाही हेच सांगतो. तुमच्या बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड बदला'चे निरोप तिथेच येतात. ईमेल गेलं म्हणजे किल्ल्यांचा जुडगाच गेला.

## आत आल्यावर किती फिरू द्यायचं?

आतापर्यंत सगळं दारापाशी चाललं होतं: कोण आहे? सुरक्षेच्या भाषेत हे ऑथेंटिकेशन, ओळख पटवणं. त्यानंतरचा प्रश्न, आत आलेल्याला काय काय करू द्यायचं, हा वेगळा. त्याला ॲक्सेस कंट्रोल म्हणतात, म्हणजे कुणाला कशावर किती अधिकार ते ठरवणं. बातम्यांत पहिलाच गाजतो. नुकसान किती होणार, हे बहुतेक वेळा दुसरा ठरवतो.

हॉटेलचं कार्ड आठवा. ते तुमची खोली उघडतं, शेजारची नाही. खोली सोडायच्या वेळेनंतर आपोआप निकामी होतं. सफाई कामगाराचं कार्ड त्याच्या मजल्यावरच्या खोल्या उघडतं, पण तिजोरीची खोली नाही. कुठलं दार कधी कुठल्या कार्डाने उघडलं याची नोंद राहते. तुमचं कार्ड कुणी चोरलंच, तर त्याला मिळेल एक खोली, तीही उद्या सकाळपर्यंत. कार्ड चोरीला जाणार हे आधीच धरून केलेली ही रचना आहे.

कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५च्या एका निबंधात नीट मांडलं. पन्नास वर्षं झाली. तरी घडतं काय, तर अधिकार द्यायला अर्ज लागतो, काढून घ्यायला कुणी येत नाही. मी एका ठिकाणी नोकरीत तीन विभाग बदलले. सोडायच्या आठवड्यात सहज म्हणून पाहिलं, तर पहिल्या विभागाच्या पगाराच्या फायली मला तेव्हाही उघडत होत्या. कुणाचा वाईट हेतू नव्हता. फक्त कुणाला आठवण नव्हती. माझा पासवर्ड त्या काळात कुणी चोरला असता तर त्याला एका माणसाचे नाही, तीन माणसांचे अधिकार मिळाले असते.

१५ जुलै २०२० रोजी ट्विटरवर बराक ओबामा, बिल गेट्स, एलॉन मस्क यांच्या खात्यांवरून एकाच छापाचे बिटकॉइनचे फसवे संदेश आले. या मंडळींनी स्वतःच्या खात्यांवर कितीही कुलपं लावली असती तरी उपयोग नव्हता. हल्लेखोरांनी ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना फोन करून, गोड बोलून, कंपनीच्या आतल्या यंत्रणेत प्रवेश मिळवला होता, आणि तिथल्या एका साधनातून कुणाचंही खातं ताब्यात घेता येत होतं. १३० खाती लक्ष्य झाली, ४५वरून संदेश गेले. रॉयटर्सच्या तेव्हाच्या बातमीनुसार ते साधन वापरू शकणाऱ्यांची संख्या हजाराहून जास्त होती. एवढ्यांना ते रोज लागत होतं का?

२०२१च्या मे महिन्यात अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन बंद पडली. पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळजवळ निम्मं तिच्यातून जातं. खंडणीखोर आत शिरले होते एका जुन्या, वापरात नसलेल्या दूरस्थ लॉगिनच्या खात्यातून. त्यावर टू-स्टेप नव्हतं. पासवर्ड साधासुधा नव्हता, असं कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटसमोर सांगितलं, आणि ते खरंच असेल. पण जे खातं कुणी वापरत नाही ते उघडं का, या प्रश्नापुढे पासवर्डची लांबी काय कामाची? कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर मोजले.

'सगळ्यांवर असा संशय घेतला तर काम कसं व्हायचं', ही तक्रार कार्यालयांत नेहमी ऐकू येते. तीत तथ्य आहे. दर छोट्या गोष्टीला परवानगी लागू लागली की लोक एकमेकांचे पासवर्ड वापरू लागतात आणि मग नोंदींनाही अर्थ उरत नाही. पण कमी अधिकार हे अविश्वासाचं लक्षण मानायचं कारण नाही. उद्या माझ्या नावाने काही उद्योग झाला, तर जिथे मला जाताच येत नव्हतं तिथलं बालंट माझ्यावर येत नाही. मला तरी हा सौदा स्वस्तातला वाटतो.

## घरच्या घरी

हे सगळं फक्त कंपन्यांपुरतं नाही. एकदा ओळख पटली की साइट तुमच्या ब्राउझरला एक बिल्ला देते, पुन्हा पुन्हा विचारायला नको म्हणून. कुठून तरी फुकटात उतरवलेल्या प्रोग्रॅममधल्या व्हायरसने तो बिल्लाच चोरला, तर चोराला ना पासवर्ड लागतो ना कोड. पासकीसुद्धा तिथे हात टेकते. म्हणून विकलेल्या फोनवर, जुन्या कार्यालयातल्या संगणकावर आपण अजून आत आहोत का, ते पाहावं. खात्याच्या सेटिंगमध्ये उपकरणांची यादी असते, आणि 'सगळीकडून बाहेर पडा' हे बटणही.

त्याच पानावर थोडं खाली आणखी एक यादी असते: तुमच्या खात्यात शिरायची परवानगी तुम्ही कोणकोणत्या ॲपना दिली आहे. हा लेख लिहिता लिहिता मी माझी उघडली. चौदा नावं. त्यांतली नऊ मला आठवेनात. एक ॲप चेहरा म्हातारा करून दाखवणारं. कधीतरी गंमत म्हणून एकदाच वापरलेलं. त्याच्यापुढे लिहिलं होतं: 'तुमचे सर्व ईमेल वाचू शकते.' मी 'परवानगी काढा' दाबलं. यादीतून नाव गेलं, एका सेकंदात. या वेळी ओटीपी मात्र कुणी मागितला नाही.